रकाना सात

फॉर्म साधा आहे. एक पान, आठ रकाने.
प्राणी : सांबर.
ठिकाण : बामणोलीच्या वर, आवळीचा टेप, पाणवठा तीन.
सातव्यात छापलंय, ‘वाट बदलल्याचे कारण’,
पुढे बोटभर जागा.

मचाणावर माझ्याशेजारी कोंडू सपकाळ,
सत्तरी ओलांडलेले, कानटोपी ओढून.
त्यांच्या बापाची ठासणीची बंदूक
माझ्या जन्माआधीच मेढ्याच्या ठाण्यात जमा झाली,
तरी बसतात ते अजून
उजवा खांदा जरा पुढे काढून.

“कारण? कुठलं सांगू, मॅडम?
आधी पाणी. धरण भरलं तवा मी चड्डीतला पोर.
सोळशीच्या काठाला खारट मातीचं चाटण हुतं,
तिथं रांगेनं उतरायची सांबरं.
पाणी चढलं, चाटण बुडालं.
दोन वरसं तरीबी येत राह्यली,
गुडघाभर पाण्यात हुबी ऱ्हाऊन
मान खाली घालून हुंगायची.
तिसऱ्या वरसाला आली न्हाईत.”

मी लिहिलं : पाणीसाठा.

“मग गावं उठली. वरी-नाचणीची कुमरी थांबली.
आम्ही डोंगर भाजायचो,
राखेतनं कवळा पाला फुटायचा,
त्याच्या वासावर यायचं जनावर,
आन् त्याच्या मागावर आम्ही.
भाजणारं गेलं, कारवी माजली.
कारवीत शिंग अडकतं.
सातव्या वरसाला फुलून मरती ती,
मग वाट मोकळी, एक-दोन पावसाळं.
तेवढ्यात कुणाला आठवली वाट, तर आठवली.”

मी ‘पाणीसाठा’ खोडलं.

“आता पल्याड स्ट्रॉबेरीला तारेचं कुंपण,
लग्नाच्या मांडवात रातभर बाजा,
हाटेलांच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्री.
कोळसुंदं परवडलं, ते पोटापुरतं पळवतं.
ही कुत्री गंमत म्हणून पळवत्यात.”

खोडलेल्याच्या वर, बारीक अक्षरात,
मी लिहिलं : अधिवासातील बदल.
साहेबांना हा शब्द आवडतो.
त्यात सगळं मावतं, आणि काहीच दिसत नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटं.
खाली कुठेतरी भेकर एकदाच भुंकलं.
वैशाखातली पुनव, चांदणं पिठासारखं,
आणि करवंदीच्या जाळीतून मादी बाहेर आली,
मागे पाडस, अजून पायांचा भरवसा नसलेलं.
सरळ पाण्याकडे निघाली.
पाण्यापासून वीस पावलांवर एक काळा दगड.
ना त्याच्यामागे कुणी, ना वारं त्या बाजूचं.
मादी थांबली.
दगडाला लांबचा वळसा घातला, चिखलातून, अवघड बाजूनं,
आणि पलीकडून पाण्याला तोंड लावलं.
पाडसही तसंच, पावलात पाऊल.

कोंडूबाबांचा श्वास मला ऐकू येईना.

“तिथं बाबा बसायचा,” ते हळूच म्हणाले.
“त्या दगडाआड. त्याला जाऊन चाळीस वरसं झाली.
त्यानंतर हितं बार न्हाई.”
मग बोटांवर काहीतरी मोजू लागले,
अंगठा पेरांवरून फिरत राहिला,
मध्येच विसरले, पुन्हा पहिल्या पेरावर आले.
“हिच्या आजीच्या आजीच्याबी आजीनं
ऐकला आसंल.
हिला ठावंबी नसंल कशापायी वळती.
आई वळली म्हणून वळली.”

पाणी पिऊन ती गेली. आली तशीच, वळशानं.
मी आकडे भरले : मादी एक, पिल्लू एक.

“कारणात काय लिवलं?”
मी वाचून दाखवलं.
ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
“बरोबर हाय,” म्हणाले,
आणि चुन्याची डबी उघडून तशीच मिटली.

फटफटताना आम्ही खाली उतरलो.
ते पुढे, काठी टेकत.
सोपी पायवाट त्या दगडाला खेटून जाते.
कोंडूबाबा तिथं वळले, चिखलात शिरले,
पायताणं हातात घेऊन पलीकडे निघाले.
त्यांनी मागे पाहिलं नाही.

मी बूट घातले होते, सरकारी, नवे.
तरी वळले.