पावती

शमुवेल धिवार आले तेव्हा मी तांदूळ निवडत होते.
जिना चढून धाप लागलेली, काखेत कापडी पिशवी.
दारातूनच म्हणाले, तो पैसा मी घेतला होता.
कुठला, हे विचारावं लागलं नाही.
आमच्या घरात तसा एकच पैसा होता:
एक हजार आठशे चाळीस,
मयत-फंडाचा, सन त्र्याऐंशीचा,
ज्याची पावती सापडली नाही,
आणि पावतीबुक वडलांच्या कपाटात असायचं.

वाळीत कुणी टाकलं नाही आम्हांला.
गुरुवार पेठेत असलं काही ठराव करून होत नाही.
उपासना संपल्यावर लोक
आपापल्या चपला जरा लवकर शोधू लागले, एवढंच.
नाताळात सतरा घरांतून ताटं यायची,
त्या वर्षी तीन आली.
एलिया रणपिसे, बावीस वर्षं देवळात पेटी वाजवणारा माणूस,
शेवटच्या बाकावर बसून
दुसऱ्याच्या चुकलेल्या सुरांवर बोटं हलवायचा,
मांडीवर, शालीखाली.
मी बघायचे. आई बघायची नाही.

आता हे सांगू लागले, थोरलीचं बाळंतपण होतं, ससूनमध्ये...
मी म्हटलं, कारण नको.
गप्प झाले. मग म्हणाले,
पाळकांना सांगितलंय. रविवारी सगळ्यांसमोर उभा राहणार.
आधी इथे यावं असं वाटलं.

आधी.
एक्केचाळीस वर्षांनी, आधी.

क्षमा कर बाळा, म्हणाले.
मी बावन्न वर्षांची आहे.
म्हटलं, वडलांच्या वतीनं माफ करायचं
मुखत्यारपत्र माझ्याकडे नाही.
ते असते तर त्यांनी केलंही असतं, उभ्या उभ्या,
आणि त्याचाच मला राग आला असता.
पैसे मात्र मोजून घेता येतील. बसा.

माझ्या शिकवणीचं पावतीबुक काढलं. कार्बन घातला.
यांजकडून: शमुवेल धिवार.
अक्षरी रुपये: पाचशे फक्त.
कशाबद्दल:
तिथे पेन अडलं.
बोटभर रेघ होती. तीवर काय काय बसवायचं?
कोरीच सोडली, फाडून दिली.
त्यांनी ती दोन्ही तळव्यांवर घेतली,
प्रभुभोजनाची भाकर घ्यावी तशी.

रविवारी उभे राहिले.
कवळीतून शिट्टी येत होती, मागच्यांना ऐकूच गेलं नाही,
पाळकांनी पुन्हा बोलायला लावलं.
पहिल्यांदा रडले होते.
दुसऱ्यांदा नाही. ते मला बरं वाटलं.
नंतर माणसं माझे हात धरू लागली,
आम्हांला तेव्हाच शंका होती, म्हणू लागली.
मी माझ्या चपला जरा लवकर शोधल्या.

दर महिन्याचा पहिला शनिवार. पेन्शनमधले पाचशे.
व्याज किती धरायचं ते त्यांनीच ठरवलं,
एका वहीत मांडतात, मी वही मागत नाही.
कोपऱ्यातल्या पेटीकडे बघतात, तेही विचारत नाहीत.
पंख्याखाली बसतात, पाणी पितात, उठतात.
कशाबद्दल: कोरं. कोरं. कोरं.

मार्चात अकरा वाजले, आले नाहीत.
बारा.
भाजी करपली. मी गॅलरीत तिसऱ्यांदा गेले
आणि लक्षात आलं की मी चिडलेय,
घरातल्या माणसावर चिडावं तशी,
फोन करायला काय झालं यांना.
पाऊण वाजता जिन्यावर ती धाप.
बस बंद पडली, म्हणाले, पद्मावतीपासून चालत आलो.
शर्ट पाठीला चिकटलेला. पाकीट कोरडं, पिशवीत जपलेलं.

कार्बन घातला. अक्षरी रुपये पाचशे फक्त.
कशाबद्दल:
उशिराबद्दल, असं लिहिलं.
त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं.
पुढच्या वेळी जरा लवकर निघा, म्हटलं,
ऊन वाढतंय.