खुंट

पावती क्रमांक एकशे सत्तेचाळीस, अक्षर माझंच.
जपानी चेरी, एक नग,
रुपये साडेसात हजार फक्त.
कुणाच्या नावे : रिकामं.

केंजळेबाईंनी कोरेगावहून येताना
नोटा रुमालात बांधून आणल्या होत्या.
'नाव नंतर कळवते,' म्हणाल्या.
मी म्हटलं, कलम चार वाचा.
पाटीवर तीस अक्षरं,
एकदा कोरल्यावर बदल नाही.
त्यांनी कलम चार दोनदा वाचलं
आणि चष्मा घरात घातला.

बावीस रोपं लागली
ग्रंथालयापासून कॅन्टीनपर्यंत.
माहितीपत्रकावर गुलाबी ढग, खाली तळं.
आमच्याकडे तळं नाही,
यवतेश्वरावरून उतरणारा वारा आहे
आणि तो अंगावर घेत उभी पाण्याची टाकी.

पहिल्या उन्हाळ्यात नऊ गेली,
दुसऱ्यात बारा.
पाट्या सगळ्या जगल्या.

बाबालाल मुलाणी, माळी, बाजूला घेऊन म्हणाला,
'सायेब, ते बिननावाचं जित्तं हाय.
पण ते, ते न्हाई.
वरचं कलम कवाच वाळलं.
खालचा खुंट फुटलाय,
डोंगरी जात, पद्मकाष्ठ का काय.
कागदावर काय लिवायचं ते तुमी बघा.'

मी काहीच लिहिलं नाही.
माझ्या टेबलावर कलम म्हणजे अट,
त्याच्या हातात काडी.

बाई दरवर्षी मार्चात येतात,
माहितीपत्रकात मार्च छापला होता म्हणून.
नुसत्या पानांखाली बसतात.
अर्धं थालीपीठ बाबालालला देतात.
मुलाचा विषय निघत नाही,
आम्हीही काढत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत,
आवारात चिटपाखरू नसताना,
खुंटाला फुलं आली.
फिकट, पाच पाकळ्यांची,
चित्रातल्याहून बरीच लहान.

पावतीवरचा नंबर काढून फोन लावला.
म्हटलं, बाई, फुललंय, पण
आणि त्या 'पण'पुढचं सगळं सांगत बसलो,
जात, कलम, खुंट, थंडी.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग त्या म्हणाल्या,
'मूळ तेच आहे ना, मी लावलेलं?'

खिडकीतून पाहिलं.
बाबालाल पाइप हातात धरून उभा,
पाणी भलतीकडेच चाललेलं.

म्हटलं, हो.
स्टँडवरून रिक्षा करा,
मोठं गेट बंद असेल,
मागच्या फाटकाशी हाक मारा,
तो उघडेल.