खडेमीठ

स्पितीला जायचंय म्हटल्यावर
इक्बाल पावसकर हसला नाही.
ट्रॉलरच्या वायरिंगमधून मान वर काढून म्हणाला,
"बॅटरी स्वतःला ऊब देते म्हणतात.
पण इथं घाम पुसत ते बघायचं कसं?"

मग बर्फाचा कारखाना. मिरकरवाड्यातला.
सुरमईचा एक क्रेट रिकामा केला,
प्लास्टिकात गुंडाळलेली बॅटरी मधोमध,
भोवती चुरा, चुऱ्यावर खडेमीठ.
शून्याखाली उतरायचं तर मीठ लागतंच.

पहाटे चार्जर लावला. उणे चार.
तिनं थेंबभरही घेतलं नाही.
आलेली सगळी वीज
आतल्या पट्ट्या तापवण्यात गेली.
बाहेर लिलावाचा गलका, कुणीतरी बांगड्यांवरून भांडत होतं.
उणे तीन.
उणे एक, आणि बराच वेळ उणे एकच.
पाच झाल्यावर कुठे ती भरायला लागली.

गाडीच्या कागदांवर अजून दिगंबरचं नाव आहे.
इक्बालला ते ठाऊक आहे, त्यानं विचारलं नाही.
हात मिठानं चरचरत होते.
वायर गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाला,
"वर गेल्यावर घाई नको हां, वैनी.
घेत नाही म्हणून
लगेच काढून टाकू नका."