इतिवृत्तात नाही

उपासना सुटल्यावर वडीलमंडळ बसलं.
विषय दोन : तडा गेलेली घंटा,
आणि ईस्टरच्या पहाटे कबरींवर मेणबत्त्या लावणं.
चिटणीस म्हणून मी दोन्ही लिहून घेतले
आणि पेनाचं टोपण चावत बसलो.

पास्टर होसमनी नवे. बेंगळुरूला शिकलेले,
मराठी कानडीच्या चालीवर बोलतात, पण पोटातून.
म्हणाले, शास्त्रात नाही ते मंडळीत नको.
मेलेल्यांना मेणबत्ती दिसत नाही.
तारण कृपेनं, आणि कृपा कुणावर
हे डोंगर उभे राहण्याआधीच ठरलंय,
आपण त्यात मेणाचा थेंबही घालू शकत नाही.

मला पटलं. आजही पटतं.
निपाणीत जन्मलेल्याला हे अवघड नाही :
आजोबा झोपले एका राज्यात, उठले दुसऱ्यात,
लांबच्या कचेरीत कुणी रेघ ओढली
आणि आम्ही कुठले ते ठरलं, न विचारता.
फक्त, रेघेला कुणाचं नाव माहीत नसतं.
हे मी बोललो नाही.

तेवढ्यात तबीथाआत्या मध्ये बोलली.
ती मंडळात नाही, चहा घेऊन आली होती.
चाळीस वर्षं वखारीत तंबाखू निवडलेली बाई,
पेरं अजून पिवळी,
प्रभुभोजनाची भाकर त्याच पेरांत धरते.

"निवड म्हंता, तर ऐका पास्टर.
आमी पान उजेडाला धरत हुतो.
रंग बघायचा, शीर बघायची, वास घ्यायचा.
चांगलं हिकडं, चुरा तिकडं.
शेटजी मागं हुबा.
पान बघूनच निवड व्हायची.
तुमचा देव काय बघतो?"

"काहीच नाही," पास्टर म्हणाले. "तेच तर."

"कायबी न्हाई?"

"बघितलं असतं तर मी इथं उभा नसतो, आत्या."

कपांवर साय धरत होती.
वडील मंडळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.
आत्या खाली बसली, बाक सोडून फरशीवर,
वखारीतल्यासारखी, एक गुडघा उभा करून.
म्हणाली, "मग माझा शांतवन."

शांतवन अकरा दिवसांचा गेला.
बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता,
अंगरखा शिवून झाला होता, बटणं राहिली होती.
त्या वेळचे पाळक म्हणाले होते, बघू.
त्या एका 'बघू'वर तिनं एकोणतीस ईस्टर
एकेक मेणबत्ती लावली.

"त्यानं चांगलं केलं न्हाई, वाईट केलं न्हाई.
पाणी लागलं न्हाई, वहीत नाव न्हाई.
बघण्याजोगं त्याच्यात कायच नव्हतं, पास्टर,
कवळं पान नुसतं.
मग घेतलं आसंल न्हवं त्याला?
तुमच्याच हिशेबानं इचारते."

खोटं बोलायला त्यांना शिकवलं नव्हतं.
खरं माहीत नव्हतं.
चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला.
"मला ठाऊक नाही," म्हणाले,
"पण निवडणारा तुमच्या शेटजीसारखा नाही.
एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन."

आत्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मला अजून कळलेलं नाही.
गार चहा तिनं परत नेऊन तापवून आणला.

मी लिहिलं : घंटा, दुरुस्तीचा अंदाज मागवावा.
मेणबत्त्या, पुढील सभेत.

पुढील सभा ईस्टरनंतर होती.
पहाटे दफनभूमीत आत्या आली, पदराआड काडेपेटी.
पास्टर बॅटरी घेऊन तिच्यापुढं चालत होते,
दव होतं, पाय कुठं पडतो ते कळत नव्हतं.
वीतभर उंचवटा, त्यावर दगड, दगडावर काहीच नाही.
तिनं लावली. ते बघत राहिले.
शेतांकडून वारा आला नि ती विझली.
दोघांपैकी कुणीच दुसरी काडी ओढली नाही.

"चला," आत्या म्हणाली, "चहाला दूध आणायचं ऱ्हायलंय."