हंगामी

टॅकेट सर म्हणतात, आवाज पोटातून काढ.
कॉर्डेलिया पुन्हा ओरडते, "हात दिसू देत!"
समोरचा व्हर्नन आज दारुड्या कॅम्पर झालाय,
हसू दाबून दाबून कान लाल.

बेड्या दोनदा उलट्या लागल्या.
तिसऱ्यांदा नीट, तर किल्ली सापडेना.

आली होती ती सॅलमँडर मोजायला,
ओल्या दगडाखाली बोट सरकवून, श्वास धरून.
इथे कलमं पाठ करायची,
आणि मिरपुडीचा फवारा डोळ्यांत घेऊन
स्वतःचं नाव न अडखळता सांगायचं.

नोकरी मे ते ऑक्टोबर. पुढचं पुढे.

संध्याकाळी ती ओढ्यावर डोळे धुते अजून.
पलीकडे, बंदीच्या पाटीला टेकून,
एक म्हातारा गळ टाकून बसलाय.
ती पोटातून आवाज काढू बघते.
येतो तो घशातलाच,
"काही लागलं का?"