विनंती थांबा

एकोणीस वर्षं मी ही गाडी पुकारतेय:
त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड मार्गे
डहाणूला जाणारी, फलाट क्रमांक सात.
विक्रमगडला श्वास घ्यायचा.
डहाणूतला णू भोंग्यात घुमतो
आणि ठक्कर बाजारच्या पत्र्यावरची कबुतरं
रोज नव्यानं दचकतात.
त्या गाडीत मी कधी बसलेले नाही.

यंदा बसणार. दिवाळी नको, नाताळ नको,
माघातला एखादा मंगळवार,
जो कुणालाच नको असतो.

हिशेब मांडलाय जुन्या वे-बिलाच्या पाठीवर.
बाई म्हणून तिकीट अर्धं.
पास आहे म्हणा माझ्याकडे,
पण पास दाखवला की कंडक्टर ओळखणार,
ओळखलं की बोलणार:
बदल्या, थकलेला महागाई भत्ता, कुणाला मेमो मिळाला,
पार जव्हारचा घाट संपेपर्यंत.
म्हणून तिकीट काढायचं.
या सहलीतली एवढीच चैन.

बुधवारच्या बाजारात सुकट विकणाऱ्या बाईनं
तिच्या मावशीचा नंबर दिला. दमयंती तांडेल.
"किती माणसं?"
एक.
"एक म्हंजे तुमी नि मिस्टर?"
एक म्हणजे एक.
पलीकडून थोडा वेळ नुसता वारा आला.
"बरं. पंखा हाय. नळाला पानी सकालचंच.
साडेतीनशे द्या, जेवन निराळं.
माझा टीवी आठला बंद होतो हां."
हे शेवटचं ऐकलं
आणि दोनशे रुपये आगाऊ पाठवून दिले.

सगळं धरून चोवीसशे.
परवाच्या लग्नात केलेल्या आहेरापेक्षा कमी.

यशोधन म्हणाला, आई, ग्रुपबरोबर गोव्याला जा ना.
नणंदेनं खालच्या आवाजात विचारलं,
काही झालंय का तुमचं दोघांचं?
काही झालेलं नाही.
हेच कुणाला पटत नाही.
हे मात्र म्हणाले, जाऊन ये,
आणि गॅसचा नंबर कुठं लिहिलाय ते विचारलं.

शाळेत बाई सांगायच्या,
त्र्यंबकहून पश्चिमेचा समुद्र तसा जवळच,
तरी गोदावरी पाठ फिरवून निघते ती थेट आंध्रात.
केवढा प्रवास, मुलींनो!
मला तेव्हाच वाटलं होतं,
हिला कुणी फलाट सांगितला नसावा.

सोबत: दोन साड्या, थर्मास,
पहिल्या दिवसाचं जेवण वाचवायला गुळाच्या दशम्या.
घशाच्या गोळ्या नकोत, लागणार नाहीत.
चार्जर विसरायचा, असं लिहून ठेवलंय.

तिथं जाऊन काय करणार, सगळे विचारतात.
ओहोटीला लांबवर चालत जाणार,
पाणी परत फिरलं की मीही फिरणार.
त्यालाही वेळापत्रक असतं म्हणे,
पण ते कुणी पुकारत नाही
आणि कुणाचं चुकत नाही.

गावाचं नाव सांगणार नाही.
रजेच्या अर्जातही नाही; कारण, खाजगी काम.
जन्मभर गावांची नावं ओरडून सांगितली,
एक नाव तोंडात ठेवते, खडीसाखरेसारखं.
तिथं स्थानक नाही, शेड नाही,
सुरूच्या झाडांपाशी विनंती थांबा आहे.
ड्रायव्हरच्या मागं उभं राहून हळू म्हणायचं,
जरा थांबवता का?
आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं.
आवाज सापडायला वेळ लागला.
भोंग्यातून विनंती होत नसते, सूचना होते.

त्या सकाळी माईकवर कैलास बेंडकुळे असेल,
नवा पोरगा, घाईतला.
मोखाड्याला मोखडा म्हणेल,
विक्रमगड गिळेल,
फलाट सहाही सांगेल कदाचित,
आणि मी सातवर खिडकीशी बसलेली असेन.
तिथून त्याला दुरुस्त करायचं नाही.
हे यादीत सगळ्यात वर आहे,
खाली दोन रेघा मारून.