रकाना

काल नगरपालिकेतून क्लोदियान आला,
हातात फळी, फळीवर कागद.
म्हणाला, व्योल्त्साबाई, जिन्याच्या तोंडाशी एक
आणि चौकात चार कॅमेरे बसणार आहेत.
सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुमचीच राहिली.

सगळ्यांच्या, म्हणजे एर्साच्या आईचीही.
तिला तर विचारूच नये.
मार्चमध्ये तिची सात वर्षांची पोर
पाव आणायला गेली, ती रात्री अकरापर्यंत नव्हती.
कोर्चातले सगळे कुत्रे भुंकत होते.
आम्ही टॉर्च घेऊन तळघरं धुंडाळली,
कोळशाच्या खोलीत मी तिला हाक मारली
आणि माझाच आवाज मला परका वाटला.
सापडली. बसस्टँडवर, कुणा माणसाच्या शेजारी.
तो कोण, ते अजून कळलेलं नाही.
बेकरीच्या दारावर डोळा असता तर कळलं असतं.
हे मी नाकारत नाही.
नाकारू कोणत्या तोंडाने?

पण क्लोदियान, तुझा जन्म नव्याण्णवचा.
माझी फाइल दोनशे बारा पानांची आहे.
तिरानात, भरपूर उजेडाच्या एका खोलीत
मी ती वाचली, दोन दिवस, डबा नेऊन.
तीत माझं नाव सुतळी.
सुतळीने मंगळवारी अंडी आणली, चार.
सुतळी शाळेतून सात मिनिटं उशिरा आली.
सुतळीचा नवरा जिन्यात दोनदा शिंकला.
पांदेली जाऊन अकरा वर्षं झाली,
आणि त्याच्या दोन शिंका सरकारने जपून ठेवल्यात
तारीखवार.
मला हसू आलं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईने
न बोलता रुमाल पुढे केला.

लिहिणारा ल्याम्बी होता, समोरच्या दारातला.
अक्षरावरून नाही ओळखलं, सगळं टाइप केलेलं.
पण 'त्यांच्या घड्याळाचा टोला अर्धाच पडतो'
हे त्यालाच ठाऊक.
घड्याळ त्यानेच दुरुस्त केलं होतं,
आणि पैसे घेतले नव्हते.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत एका रात्री
गोधडीत डोकं घालून आम्ही ग्रीक स्टेशन लावलं,
आणि पांदेली भान विसरून मोठ्याने हसला.
भिंत एका विटेची.
त्या रात्रीच्या पानावर ल्याम्बीने लिहिलंय:
'दिवा लवकर मालवला. काही ऐकू आले नाही.'

एवढंच.
त्या एका खोट्या ओळीमुळे
माझा नवरा खाणीत गेला नाही.
ल्याम्बीला माफ केलं का? नाही.
त्याच्या मयताला गेले का?
गेले. मागे उभी राहिले, बूट ओले होईपर्यंत.

म्हणून विचारते, बाळा,
तुझ्या खांबावरच्या डोळ्याला कधी
'काही ऐकू आले नाही' म्हणता येईल?

तीस दिवसांनी सगळं पुसलं जातं, तो म्हणाला.
कोण पुसतं?
यंत्र.
यंत्राला कोण सांगतं?
त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
खाली एर्सा दोरीवरच्या उड्या मोजत होती,
तिची आई खिडकीतून तिला मोजत होती.

मी म्हटलं, सही करते, पण अट लिहिते.
तो म्हणाला, अटीला रकाना नाही:
अनुक्रमांक, नाव, मजला, सही.

पस्तीस वर्षं भूमिती शिकवली मी.
खणातून पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं,
आणि कागदाच्या उजव्या कडेला
वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.
डोक्यावर लिहिलं: कुणी पाहिलं, केव्हा, कुणाच्या हुकमाने.
दर सोमवारी जिन्यात चिकटवावं,
पाहणाऱ्याच्या खऱ्या नावासकट.

मग सही केली.

क्लोदियान कागदाकडे बघत राहिला.
रेघ सरळ होती, हात अजून हलत नाही माझा,
पण ती सगळ्यांच्याच नावांपुढून गेली होती.
सेहेचाळीस सह्या, आणि प्रत्येकीपुढे
आता एक रिकामी चौकट.

पहिली, एर्साच्या आईची.